इंडिकेटरची दांडी

आमच्या पत्रकातलं चौथं कलम मी लिहिलं होतं. बाकीची कलमं सहा जणांनी भांडत भांडत लिहिली. चौथं माझं एकटीचं. ‘हात बाहेर काढणं हा सिग्नल नव्हे, अडाणीपणा आहे. इंडिकेटर चालत नसेल तर गाडी घराबाहेर काढू नका.’ वळताना इशारा न देणाऱ्यांमुळं आमच्या कॉलनीत तोवर दोघांचे पाय मोडले होते आणि कुणालाच काही वाटत नव्हतं, म्हणून आम्ही हे काम अंगावर घेतलं. पिवळ्या कागदावर छापलं आणि पुंडलिकनगरच्या रस्त्यावर दोन संध्याकाळी उभं राहून वाटलं. लोकांनी घेतलं, न वाचता घडी घातली, खिशात टाकलं. एकानं माझ्यासमोरच त्या कागदानं मोटरसायकलची सीट पुसली आणि वर हसला.

एक प्रत मी घरात टीव्हीसमोर ठेवली. मुद्दाम. कारण आमच्या घरातच एक माणूस आठ वर्षं हात बाहेर काढून गाडी वळवत होता, आणि तो माणूस माझे वडील होते.

अण्णांनी चष्मा लावून पत्रक पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचलं. आमचं पत्रक असं पूर्ण वाचणारा मला भेटलेला तो एकमेव माणूस. चौथ्या कलमाशी परत येऊन त्यांनी विचारलं, “अडाणी कोण?”

मी म्हणाले, ही माणसाची नाही, प्रवृत्तीची गोष्ट आहे.

“व्हय का,” म्हणाले, आणि पत्रकाची घडी घालून शर्टच्या खिशात ठेवली.

अण्णा एकतीस वर्षं सरकारी ऑफिसात ड्रायव्हर होते. गाडी कुठली ते सांगायची गरज नाही; गोल पाठीची, पांढरी, जिच्यातून एके काळी सगळेच साहेब उतरायचे, ती. ऑफिसनं ती काढून टाकली तेव्हा लिलावात अण्णांनीच घेतली. आई म्हणायची, इतकी वर्षं ऑफिसात सांभाळली ती कमी झाली होती का. इंडिकेटरची दांडी, म्हणजे स्टेअरिंगच्या मागून उजव्या अंगाला निघणारी बोटाएवढी काडी, आठ वर्षांपूर्वी मुळातून तुटली. अण्णांनी तुकडा डिक्कीत टाकला, खिडकीची काच खाली केली, आणि तेव्हापासून हात.

उजवीकडं जायचं असलं की हात सरळ बाहेर. डावीकडं असलं की तोच हात खांद्यापासून सावकाश गोल. थांबायचं असलं की कोपरात उभा. घाई नाही, थरथर नाही. मी मागच्या सीटवरून कॉलेजपर्यंत ते बघत आले. खरं सांगायचं तर बघत राहावं असं होतं ते, पण बघत राहावं असं असणं हा काही नियम होत नाही. मी तसं त्यांना अनेकदा सुनावलं. ते म्हणायचे, या हाताला ट्रकवाला पण थांबतो, तुझ्या त्या टिकटिकीला शेळी पण थांबत नाय.

पत्रकानंतर दोनेक महिन्यांनी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी, चहाचा कप खाली ठेवत अण्णा म्हणाले, “दांडी बसवून घेऊ.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. आईनं पण चपाती लाटायची थांबवली. त्यांच्या लायसनची मुदत एप्रिलमध्ये संपत होती, ते नव्यानं करायचं होतं, त्यामुळं गाडीचे कागद, धुराचं सर्टिफिकेट, असं काहीतरी त्यांचं रोज चाललेलं असायचंच. पण दांडी? मी विचारलं, एकदम कसं काय. त्यांनी खिशाकडं बोट केलं. “छापलंय ना तू.”

मी त्या दिवशी हवेत होते, हे मान्य करायला मला लाज नाही. माणूस बदलतो यावर माझा विश्वास होता, पण आपल्या घरातला माणूस बदलतो यावर नव्हता. ग्रुपवर टाकलं: पहिला बदल घरातून. सगळ्यांनी वळलेल्या मुठींची चित्रं पाठवली.

छावणीतल्या दोन दुकानांत विचारलं, तर या गाडीची दांडी आता येतच नाही म्हणाले. शेवटी अण्णांनी पडेगावच्या रस्त्याला नेलं, त्यांच्या जुन्या ओळखीच्या वायरिंगवाल्या चाचांकडं. चाचांनी ऑफिसच्या गाड्यांची वायरिंग वर्षानुवर्षं केलेली. टिनाचं शेड, दारात लिंबाचं झाड, आत मोडलेल्या गाड्यांचे अवयव खोक्यांत. एका खोक्यातून त्यांनी आमच्याच जातीच्या गाडीतला जुना पण धड स्विच काढला, दांडीसकट.

मला बघून म्हणाले, “ये वोइच पत्रकवाली बेटी? मला पण दिलं होतं तुझ्या अब्बानी वाचायला.”

म्हणजे अण्णा ते खिशात घेऊन फिरत होते. मला बरं वाटलं, आणि का कुणास ठाऊक, नाही पण वाटलं.

“तू कार चालवतीस?” चाचांनी विचारलं.

नाही म्हणाले. स्कूटी चालवते.

“बराय. लिहायला हात मोकळे राहतात.”

अण्णा हसले. मी रागावले नाही असं नाही, पण काम बघायचं होतं.

स्विच बदलायचा म्हणजे मला वाटलं होतं, दोन स्क्रू आणि दोन वायरी. तसं नसतं. आधी बॅटरी सुटी केली. मग हॉर्नचं बटण उचकटलं, त्याखाली मोठा नट, तो सोडला, आणि मग आख्खं स्टेअरिंगचं चाक वर ओढून काढायचं, कारण स्विच त्याच्या पोटाखाली असतो. चाक ज्या दांड्यावर बसतं त्याला बारीक दाते असतात. चाक ज्या दात्यांवर होतं त्याच दात्यांवर परत बसायला हवं. म्हणून चाचांनी तंबाखूच्या डबीतला चुना करंगळीला घेतला आणि दांड्यावर आणि चाकावर मिळून एक सरळ पांढरी रेघ ओढली. “ये अपना कंप्युटर,” म्हणाले.

चाक वीस-पंचवीस वर्षांत हललेलं नव्हतं. चाचांनी अण्णांना सांगितलं, दोन्ही हातांनी वर ओढा, मी खालून ठोकतो. अण्णांनी डावा हात लावला. उजवा मांडीवर तसाच. चाचा म्हणाले, अहो दोन्ही. अण्णा म्हणाले, चाक धरायची सवय आहे मला, उपटायची नाय. आणि उतरून बाजूला झाले. मला ते दिसलं होतं. मी ते साहेबांच्या ड्रायव्हरची मिजास म्हणून सोडून दिलं. मग मी बसले, दोन्ही हातांनी जोर लावला, चाचांनी ठोकलं, आणि चाक असं अचानक सुटलं की माझ्या हनुवटीवर येऊन आदळलं.

चाचा जुना स्विच सोडवत होते तेव्हा मला काहीतरी करायचं होतं. नुसतं उभं राहणं मला जमत नाही. रॉकेलचा बोळा होता, मी चाकाच्या पोटातलं जुनं ग्रीस पुसलं, मग दांड्याच्या डोक्यावरचं पण. चकाचक केलं. वायरी जुळवून झाल्यावर चाचा चाक हातात घेऊन वाकले आणि वाकलेलेच राहिले.

“चुना लावला होता ना मी?”

अण्णा म्हणाले, लावला असंल.

मी बोळ्याकडं बघितलं. त्यावर काळ्यात पांढरं मिसळलेलं होतं. त्या वेळी मी दोन शब्द बोलायला हवे होते: मी पुसलं. दुसऱ्यांनी चूक कबूल करावी म्हणून मी भर उन्हात माईक हातात घेऊन बोललेली मुलगी आहे. पण ‘लिहायला हात मोकळे’ हे वाक्य अजून ताजं होतं. मी गप्प बसले. चाचांनी पुढची चाकं सरळ आहेत का बघितलं, डोळा बारीक केला आणि अंदाजानं चाक बसवलं. बॅटरी जोडली. मी पुढं जाऊन उभी राहिले, मग मागं. डावा लागला, उजवा लागला. आठ वर्षांनी त्या गाडीची टिकटिक ऐकली. अण्णांनी पैसे काढले, चाचांनी घेतले नाहीत, अण्णांनी सीटवर ठेवले, हा त्यांचा ठरलेला प्रकार झाला आणि आम्ही निघालो.

निघाल्याबरोबर कळलं की चाक वाकडं बसलंय. गाडी सरळ चाललेली आणि स्टेअरिंगचे आडवे दांडे एका बाजूला कललेले. एकतीस वर्षं चाक धरलेल्या माणसाला ते पहिल्या दहा फुटांत कळलं असणार. पण अण्णा काही बोलले नाहीत. मी पण नाही. मी का बोलले नाही ते मला माहीत होतं. ते का बोलत नव्हते याचा मी विचारच केला नाही.

छावणीतल्या एका चौकात उजवीकडं वळायचं होतं. अण्णांनी दांडी खाली केली. टिकटिक सुरू. समोरून गाड्या येत होत्या म्हणून थांबलो, जागा मिळाली, अण्णांनी चाक थोडं उजवीकडं घेतलं, परत थोडं सोडलं, आणि खटकन दांडी आपली आपण जागेवर गेली. टिकटिक बंद. वळून चाक सरळ झालं की दांडी आपोआप परत जाते; वळण झालं असं तिला वाटलं. चाक चुकीच्या दात्यांवर बसलं की हे असं होतं, हे मला चाचांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तेव्हा एवढंच कळलं की मागच्या रिक्षावाल्याला आम्ही सरळ जाणार असं वाटलं आणि तो आमच्या उजव्या अंगानं घुसला. अण्णांनी परत दांडी खाली केली. परत खटकन वर. आता एक मोटरसायकल घुसली, तिच्यामागं टेम्पो.

“हात द्या अण्णा,” मी ओरडले. “हात द्या.”

मी ओरडले. चौथं कलम लिहिणारी मी.

त्यांचा हात खिडकीपर्यंत गेला. कोपर काचेच्या कडेवर टेकलं. तिथून पुढं तो गेला नाही. त्यांनी दातावर दात धरले, खांदा कानाकडं चढला, पण हात तिथंच, कडेवर ठेवलेल्या वस्तूसारखा. मला आधी वाटलं, हट्ट करतायत. पत्रकाचा सूड घेतायत. खरंच असं वाटलं. मग त्यांच्या कपाळावरचा घाम दिसला.

गाडी चौकात आडवी, चारी बाजूंनी हॉर्न. मी दार उघडून खाली उतरले, गाडीच्या उजव्या अंगाला जाऊन उभी राहिले आणि माझा हात सरळ काढला, तळवा पुढं. टेम्पोवाला थांबला. काहीतरी बोलला, ते इथं लिहीत नाही. पण थांबला. अण्णांनी गाडी वळवली आणि पुढं झाडाखाली नेऊन उभी केली.

मी परत येऊन बसले. 

विचारलं, हात कधीपासून असा.

“दिवाळीपासून. आधी थोडा तरी निघायचा.”

म्हणजे पत्रकाच्या आधीपासून. मी मनात जुळवत गेले. शर्ट घालताना आईला हाक मारणं. माळ्यावरचा डबा मला काढायला लावणं. दाढीला लागणारा वेळ. सगळं माझ्यासमोर होतं आणि मी रस्त्यावरच्या लोकांना सांगत होते की डोळे उघडे ठेवा.

“मग दांडी पत्रकामुळं नाही.”

“नाय.” मग जरा थांबून, माझी समजूत काढल्यासारखं, “पत्रक चांगलंय. छपाई चांगलीय.”

मी चिडले. त्यांच्यावर, स्वतःवर, सगळ्यांवर. म्हणाले, सांगायचं का नाही? आईला तरी. दुखतंय तर दुखतंय म्हणायला काय होतं?

तेव्हा त्यांनी त्यांच्या ऑफिसातली पद्धत सांगितली. पद्धत म्हणजे लिहिलेली नाही. ड्रायव्हरनं अंगातलं काही सांगायचं नाही. त्यांच्यातल्या एकानं साहेबाला खरं सांगितलं की रात्री समोरचा दिवा फुटल्यासारखा दिसतो. साहेब भला माणूस, वाईट काही केलं नाही. चावी काढून घेतली आणि व्हरांड्यात पाण्याच्या माठाशेजारी खुर्ची दिली. पगार तोच. रिटायर होईस्तोवर तो तिथं बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ग्लास पुसून द्यायचा. त्यानंतर कुणीच कधी काही सांगितलं नाही. कंबर गेली तरी नाही, कान गेला तरी नाही.

“खुर्ची नको मला, माय,” अण्णा म्हणाले.

  मला विचारायचं होतं की अशा खांद्यानं गाडी चालवणं धोक्याचं आहे का. चाक तर ते छातीच्या खाली धरून नीट फिरवतात. ब्रेक नीट, नजर नीट. इंडिकेटर चालला तर हाताची गरज नाही, हे तर मीच छापलंय. म्हणजे माझ्याच कलमाप्रमाणं ते दुरुस्त गाडीतले योग्य ड्रायव्हर. आणि दांडी फसली तेव्हा वाचवलं कुणी, तर ज्याला मी अडाणीपणा म्हणाले त्यानं. शिवाय दांडी फसली ती माझ्यामुळं. कुठल्या बाजूनं चिडावं तेच कळेना.

“चुना मी पुसला,” मी म्हणाले.

“दिसलं मला.”

“मग बोलला का नाही?”

“तू का नाय बोललीस?”

घरी आम्ही कसे आलो ते सांगण्यासारखं नाही. प्रत्येक उजव्या वळणाला मी डाव्या हातानं दांडी खाली दाबून धरायची, पलीकडं वाकून, आणि अण्णा माझ्या डोक्यावरून रस्ता बघायचे. दुसऱ्या दिवशी चाचांना फोन करून मी चुन्याचं सांगितलं. ते फोनवर इतकं हसले की त्यांना ठसका लागला. संध्याकाळी स्वतः येऊन त्यांनी चाक काढलं, सरळ बसवलं, आणि या वेळी रेघ छिन्नीनं मारली. दांडी आता वळण पूर्ण होईस्तोवर थांबते.

अण्णा मला म्हणाले, झालं ना आता. गाडी नीट झाली. मग त्यांनी फॉर्म काढला. त्यांच्या वयाला लायसनच्या फॉर्मबरोबर डॉक्टरचा दाखला लागतो. ते म्हणाले, कोपऱ्यावरचा डॉक्टर सही देतो, बसायला पण सांगत नाय.

मला ते माहीत होतं. न बघता सही करणारे डॉक्टर, हे आमचं सहावं कलम. ते मी लिहिलेलं नव्हतं, पण रस्त्यावर उभी राहून मीच वाटलं होतं.

त्या रात्री मी आईला विचारलं, काय करू. आई म्हणाली, तू मोर्चे काढतेस आणि मला विचारतेस? मग म्हणाली, खांदा आधी दाखवा, लायसन मग. तिला दिवाळीपासून माहीत होतं. शर्ट तीच चढवत होती. तिनंही सांगितलं नव्हतं, कारण त्यांनी नको म्हटलं होतं. आमच्या घरात एकूण किती गोष्टी नको म्हटल्यामुळं पडून आहेत, याची मला भीतीच वाटली.

सकाळी मी अण्णांना म्हणाले की कोपऱ्यावरची सही घेतलीत तर मी कुणाला सांगणार नाही, तक्रार करणार नाही, पण तुमच्या गाडीत बसणार नाही. आणि आईला बसू देणार नाही. वाक्य मी रात्रभर घोटलेलं होतं.

त्यांनी विचारलं, “आणि हाडाचा डॉक्टर नाय म्हणाला तर?”

“तर नाही.”

“खुर्ची?”

 येत नसताना दिलेली उत्तरं मी आयुष्यात पुष्कळ दिली आहेत; या वेळी मी हाडाच्या डॉक्टरचा नंबर शोधायला लागले.

ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून, आईकडून बटणं लावून घेऊन, दारात उभे राहिले आणि म्हणाले, रिक्षा बोलव. रिक्षात ते पूर्ण रस्ताभर उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा खाली दाबत होते.

हाडाच्या डॉक्टरांनी हात वर करायला लावला, मागं न्यायला लावला, एक्स-रे बघितला. खांदा आखडलाय म्हणाले, रक्तातल्या साखरेमुळं असं होतं, सहसा सुटतो, पण सहा महिने लागतील, वर्ष लागेल. व्यायाम रोज. गाडीचं अण्णांनी स्वतः विचारलं. डॉक्टर म्हणाले, हात डोक्याच्या वर जाऊ दे, मग मी स्वतः दाखला देईन, तोवर नको.

तोवर नको, म्हणजे नको की हो? मी आजपर्यंत जी वाक्यं लिहिली ती एकतर अशी होती किंवा तशी. अण्णांना ते लगेच समजलं. त्यांनी फॉर्म घडी करून पत्रकाच्या शेजारी, त्याच खिशात ठेवला. एप्रिल आला आणि गेला. लायसन संपलं. गाडी अंगणात आहे.

आमच्या ग्रुपनं पत्रकाची दुसरी आवृत्ती काढायचं ठरवलंय. चौथं कलम ठेवायचं की काढायचं, मला विचारतायत. लायसनच्या परीक्षेच्या पुस्तकात हाताच्या खुणा अजून चित्रं काढून दाखवलेल्या आहेत, ते पान मी त्यांना पाठवलं. मग काढू या का, म्हणाले. मी म्हणाले, थांबा. त्यांना माझ्याकडून हा शब्द ऐकायची सवय नाही.

व्यायाम असा आहे: भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढायची, कोळ्यासारखी, जिथवर जाईल तिथवर. तिथं पेन्सिलनं खूण करायची. अण्णा रोज सकाळी साडेसातला करतात. खूण मी करते, कारण पेन्सिल धरून ते वर पोचत नाहीत. पहिल्या आठवड्यात खुणा भराभर चढल्या. आई खूश, अण्णा खूश. जूनपर्यंत गाडी काढतो, म्हणाले. काल माझं लक्ष सहज खाली, त्यांच्या पायांकडं गेलं.

“अण्णा, टाचा खाली.”

“खालीच हायत.”

“खाली ठेवा.”

त्यांनी टाचा टेकवल्या. हात भिंतीवरून घसरत चार बोटं खाली आला आणि तिथं थांबला. मी तिथं खूण केली. वरच्या खुणा पुसू का, असं विचारलं, तर म्हणाले, राहू दे त्या. आणि परत पहिल्यापासून चढायला लागले.